बगॅसचं पोतं आणि बावीस लाखांचा प्रश्न

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची (ओतीव लोखंडाची) फाउंड्री आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. महिन्याला २०० टन माल बाहेर पडतो, सरासरी ९५ रुपये किलोनं. रिजेक्शन (नापास माल) ६ टक्के. वीज ९ रुपये युनिट पडते, साच्याच्या वाळूत घालायची कोल डस्ट (कोळशाची पूड) महिन्याला ५ टन लागते, २० रुपये किलोची. मुलगी मेटॅलर्जीत एम.टेक. होऊन आली आणि तिनं २२ लाखांचा संशोधनाचा प्रस्ताव पुढ्यात ठेवला. साडेपाच लाख सँड लॅब (साच्याची वाळू तपासायची प्रयोगशाळा) आणि एक माणूस, १३ लाख कोल डस्टऐवजी बगॅसची (उसाच्या चिपाडाची) पावडर करण्याचं संशोधन, साडेतीन लाख ‘इतर’. ती म्हणते, रिजेक्शनपायी महिन्याला १२ लाख जातात आणि संशोधनाला ७०० टक्के परतावा मिळतो असं तिनं वाचलंय. भाऊ म्हणतो, सरकारनं चंद्रावर यान पाठवलं, त्यातनं आपल्या भट्टीला काय मिळालं? पोरीचा हिरमोड करायचा नाही, पण पैसा बँकेचा आहे. काय करावं?
— एक फाउंड्रीवाले, शिरोली

उत्तर :

प्रस्ताव कागदावर एक दिसतो, पण त्यात तीन निरनिराळ्या जातींचे खर्च एकाच पोत्यात भरलेत. सँड लॅबचे साडेपाच लाख हे संशोधन नव्हेच, ते मोजमाप आहे. बगॅसचे तेरा लाख हे खरं संशोधन, म्हणजे पाणी लागेल की नाही ठाऊक नसताना मारायचं बोअर. आणि ‘इतर’ म्हणजे नुसती फट. ज्या रकमेपुढे कामाचं नाव नाही ती रक्कम आजच खोडायला सांगा. तिन्हींना मिळून एकच ‘हो’ किंवा एकच ‘नाही’ देऊ नका, एवढं पहिलं.

आता ते बारा लाख. २०० टन चांगला माल द्यायचा तर ६ टक्के रिजेक्शनला जवळजवळ २१३ टन कास्टिंग (ओतीव नग) करावं लागतं, म्हणजे पावणेतेरा टन रिजेक्ट. इथवर मुलीचं गणित बरोबर आहे. पुढं तिनं त्याला ९५ रुपये, म्हणजे विक्रीचा भाव लावलाय, तिथं चुकलं. रिजेक्ट कास्टिंग रनर-रायझरबरोबर (साच्यात लोखंड नेणाऱ्या वाटांत गोठलेल्या लोखंडाबरोबर) परत भट्टीत जातं. लोखंड परत मिळतं. परत मिळत नाही ती वीज, वाळूत घातलेला माल आणि माणसांची मजुरी. ६२ टक्के यील्ड (ओतलेल्यातलं जेवढं कास्टिंग बनतं तेवढं) धरलं तर एक किलो कास्टिंगला १.६ किलो रस (वितळलेलं लोखंड) लागतो. इंडक्शन भट्टीला टनामागं ६०० युनिट धरा, म्हणजे किलो कास्टिंगला साधारण एक युनिट, पावणेनऊ रुपये. मेल्टिंग लॉस आणि रसात घालायचे कार्बुरायझर, फेरोसिलिकॉन, इनॉक्युलंट मिळून ५. बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), कोल डस्ट, नवी वाळू ४. कोअरचे (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचे) सरासरी ३. मोल्डिंग आणि फेटलिंगची (साचे भरण्याची आणि कास्टिंग साफ करण्याची) मजुरी ७. बेरीज २८ रुपयांच्या आत-बाहेर. वीज सोडली तर बाकीचे आकडे तुमच्यासारख्या शेडचे अंदाज आहेत, तुमच्या बिलांवरून ते दुरुस्त करून घ्या. तरी महिन्याचं खरं नुकसान साडेतीन लाखांच्या आसपास निघेल, बारा नव्हे.

याला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही मुलीच्या बाजूचे आहेत. भट्टी दोन्ही पाळ्या भरलेली असेल आणि ऑर्डर मागं पडत असेल, तर प्रत्येक रिजेक्ट कास्टिंग एक विक्री खातं. मग २८ रुपये हा आकडा फार कमी पडतो. दुसरं म्हणजे ग्राहकाकडं मशीनिंग झाल्यावर निघालेला ब्लो होल (वायूनं पडलेली पोकळी). तिथं मशीनिंगची डेबिट नोट, जाण्यायेण्याचं भाडं आणि पुढच्या ऑर्डरवरचा परिणाम असं सगळं अंगावर येतं. शेडमधलं आणि ग्राहकाकडचं रिजेक्शन एकाच ६ टक्क्यांत मिसळलेलं असेल तर ते आधी वेगळं करा.

या हिशेबात सँड लॅब बसते का? रिजेक्शन ६ वरून ५ टक्क्यांवर आलं तर महिन्याला सव्वादोन टन वाचतात, म्हणजे ६२ हजार, वर्षाला साडेसात लाख. ४ टक्क्यांवर आलं तर वर्षाला पावणेपंधरा लाख. साडेपाच लाखांचा खर्च एका टक्क्यातच वर्षाच्या आत निघतो. आमच्या मते हा खर्च आजच मंजूर करा. मात्र साधनं घेतली की रिजेक्शन आपोआप उतरतं, असं नाही. बऱ्याच शेडमध्ये लॅब असते, तिच्यावर धुळीचा थर असतो आणि रजिस्टरमध्ये रोज सकाळी नऊचा एकच आकडा असतो.

घ्यायचं काय तर मॉइश्चर टेस्टर, तीन ठोक्यांचा सँड रॅमर, त्यावरच निघणारी कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दबते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) आणि पर्मिअ‍ॅबिलिटी मीटर (वाळूतून वायू किती जातो ते बघायला), मिथिलिन ब्लूचा संच (अ‍ॅक्टिव्ह क्ले, म्हणजे वाळू बांधणारी माती मोजायला) आणि एक मफल फर्नेस. मॉइश्चर आणि कॉम्पॅक्टिबिलिटी मिक्सरपाशी दर तासाला, स्ट्रेंग्थ आणि पर्मिअ‍ॅबिलिटी पाळीत दोनदा, अ‍ॅक्टिव्ह क्ले रोज, एलओआय (वाळू जाळली की वजन किती घटतं) आठवड्यातून दोनदा. तुमच्यासारख्या कामाला सुरुवात करायला मॉइश्चर ३ ते ४ टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी ३८ ते ४५, अ‍ॅक्टिव्ह क्ले ७ ते ९ टक्के आणि एलओआय ३ ते ५ टक्के हे पट्टे धरा. मग तुमचा पट्टा तुमच्या रजिस्टरमधूनच ठरेल. पाणी मॉइश्चर बघून नव्हे, कॉम्पॅक्टिबिलिटी बघून घालायचं. क्ले आणि धूळ वाढली की तेवढ्याच पाण्यात वाळू कोरडी वागते. मॉइश्चरचा आकडा जागच्या जागी असतो आणि बॉक्सच्या (साच्याच्या) कडा मात्र झडायला लागतात.

आणखी एक थर्मामीटर घ्या, सगळ्यात स्वस्त साधन तेच. परतीची वाळू ५० अंशांच्या वर मिक्सरमध्ये गेली तर मिक्सरपाशी केलेली चाचणी खोटी ठरते. बॉक्सपर्यंत पोचेतो पाणी उडून जातं, वाफ गार पॅटर्नवर (साचा उठवायच्या नमुन्यावर) आणि कोअरवर धरते, मग वाळू चिकटते आणि पिन होल (बारीक भोकं) निघतात. दुसऱ्या पाळीत रिजेक्शन जास्त असेल तर मोल्डरला दोष देण्याआधी वाळूचं तापमान बघा.

लॅबपेक्षाही जास्त पैसे मिळवून देणारी गोष्ट म्हणजे रजिस्टर. ‘रिजेक्ट ४ नग’ अशी नोंद निरुपयोगी आहे. पॅटर्न नंबर, हीट नंबर (भट्टीचा कितवा घाणा), ओतल्याची वेळ आणि दोषाचं नाव (ब्लो होल, पिन होल, सँड ड्रॉप, श्रिंकेज, शिफ्ट, कोल्ड शट) अशी प्रत्येक नगाची नोंद हवी. सहा आठवड्यांनी बेरीज करा. बहुधा दोन-तीन पॅटर्नच निम्म्याच्या वर रिजेक्शन देत असल्याचं दिसेल. त्यातलं एखादं श्रिंकेजचं (लोखंड गोठताना आकसल्याचं) असेल, तर त्याचा वाळूशी संबंधच नाही. तो फीडर (आकसताना रस पुरवणारा भाग) हलवून सुटेल, लॅबनं नव्हे.

प्रयोग करताना फसगत होते ती नगांच्या संख्येत. मुलीनं एम.टेक.ला संख्याशास्त्र शिकलंच असेल, तिच्याकडून हे गणित करून घ्या. ६ टक्क्यांचं ४ टक्के झालं की नाही हे खात्रीनं सांगायला दोन्ही बाजूंना सुमारे १,८५० नग लागतात. पन्नास नग ओतले आणि एकही रिजेक्ट निघाला नाही म्हणून पेढे वाटले, तर लक्षात ठेवा, ४ टक्क्यांच्या वाळूतही पन्नासात शून्य रिजेक्ट शंभरातून तेरा वेळा निव्वळ योगायोगानं येतात. आणि काहीही न बदलता, आजच्याच ६ टक्क्यांच्या वाळूत, साडेचार वेळा. म्हणून चाचणी एकाच पॅटर्नवर, एकाच पाळीत, एक बॅच जुनी एक बॅच नवी अशी आलटून-पालटून घ्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणीही बदललं आणि बेंटोनाइटची कंपनीही बदलली, तर निकालाचा काही उपयोग नाही. फेटलिंगला तपासणाऱ्या माणसाला कुठला नग कुठल्या बॅचचा हे कळता कामा नये. मालकाच्या लेकीची वाळू म्हटल्यावर तो दोन नग नजरेआड करणारच.

आता त्या ७०० टक्क्यांकडं येऊ. आकडा खरा आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञानं १९५८ साली अमेरिकेतल्या हायब्रीड मक्याच्या संशोधनाचा हिशेब मांडला. १९१० पासूनचा सगळा खर्च त्यानं १० टक्के व्याजानं १९५५ पर्यंत वाढवत आणला आणि विचारलं, यातल्या प्रत्येक डॉलरमागं समाजाला दरसाल किती फायदा होतोय? उत्तर सात डॉलर. म्हणून ७०० टक्के. तोच जमाखर्च बँकेच्या व्याजासारख्या वार्षिक दरात मांडला की ३५ ते ४० टक्के येतो, आणि हेही त्यानंच काढलं होतं. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळा आहे एवढंच. कुणी संशोधनाचा परतावा सांगितला की पहिलं विचारायचं, हा दर कसा काढलाय?

शिवाय हायब्रीड मका हे पाणी लागलेलं बोअर होतं. कोरड्या गेलेल्या बोअरांचा खर्च त्यात नाही. आणि तो फायदा झाला कुणाला? समाजाला. मका पैदा करणाऱ्यांच्या खिशात त्यातला थोडाच गेला. आपल्याकडं पंचगंगेकाठच्या मळ्यांत को ८६०३२ जातीचा ऊस उभा असतो. त्याच्या उताऱ्याचे पैसे शेतकऱ्याला आणि कारखान्याला मिळतात, जात तयार करणाऱ्या संशोधकांना टनामागं काही मिळत नाही. समाजाला परवडतं ते एकट्या शेडला परवडेलच असं नाही. बगॅसच्या तेरा लाखांची अडचण नेमकी इथं आहे.

त्या कल्पनेची आधी कमाल मर्यादा मोजा. तुमचं कोल डस्टचं बिल महिन्याला एक लाख, वर्षाला बारा. बगॅसची पावडर पूर्ण जमली आणि निम्म्या खर्चात पडली, तर वर्षाला सहा लाख वाचतील, त्याहून दमडीही जास्त नाही. तीन वर्षं तुमचा फायदा धरा, म्हणजे १८ लाख. त्यानंतर कुणीतरी पुरवठादार तीच पावडर पोत्यात भरून अख्ख्या एमआयडीसीला विकणार. यश येण्याची शक्यता निम्मी धरली तरी अपेक्षित प्राप्ती ९ लाख, खर्च १३. आणि निम्मी शक्यता हा फारच उदार अंदाज आहे. आम्ही पाचात एक धरू, म्हणजे साडेतीन लाखांच्या थोडं वर.

इतकी कमी का, ते कोल डस्ट काय काम करते त्यावर आहे. रस आत आला की कोळशातले बाष्पशील हायड्रोकार्बन सुटतात, तापून फुटतात आणि साच्याच्या भिंतीवर चकचकीत कार्बनचा पातळ पापुद्रा बसतो. त्यामुळं रस वाळूला धरत नाही, कास्टिंग साफ सुटतं. म्हणून फाउंड्रीची कोल डस्ट घेताना व्होलाटाइल (बाष्पशील भाग) ३० टक्क्यांच्या वर, राख १० च्या आत आणि गंधक १ च्या आत बघतात. कोरड्या बगॅसमध्ये व्होलाटाइल ८० टक्क्यांच्या घरात असतं. मुलीला तो आकडा मोहात पाडत असणार. पण ते व्होलाटाइल ऑक्सिजननं भरलेलं असतं. तापल्यावर त्यातून मुख्यतः वाफ, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. वायू भरपूर, पापुद्रा थोडका, म्हणजे ब्लो होलला आमंत्रण. बरं, आधी जाळून त्याचा कोळसा करावा तर व्होलाटाइलच उडून जातं. उरलेला कार्बन वाळूत नुसता काळा रंग देतो. २५० ते ३०० अंशांवर अर्धवट भाजून मधला बिंदू सापडतो का, त्यात थोडं डांबर मिसळलं तर पापुद्रा वाढतो का, एवढीच काय ती वाट उरते. प्रश्न अभ्यासाला सुंदर आहे, पण वाट अरुंद आहे.

त्यात बगॅस फुकट मिळतं हा समज सोडा. कारखान्याचा बॉयलर आणि सहवीजनिर्मिती त्यावरच चालते. गिरणीतून निघताना त्यात निम्मं पाणी असतं. गाळपाच्या हंगामातला भाव आणि ऑगस्टमधला भाव सारखा नसतो, साठवायचं म्हटलं तर जागा आणि आगीची भीती आहेच.

म्हणून तेरा लाख एकदम देऊ नका. पहिल्या टप्प्याला ७५ हजारांची मर्यादा घाला. वीस किलो पावडर भाजून, दळून घ्या. बाहेरच्या प्रयोगशाळेत व्होलाटाइल, राख, गंधक आणि चकचकीत कार्बनची चाचणी करा. पहिल्या तीन चाचण्या काही हजारांत होतात. चकचकीत कार्बन तुमच्या सध्याच्या कोल डस्टच्या निम्म्याहून कमी आला, तर तिथंच थांबायचं. तेवढा आला तर पन्नास साचे. हे पन्नास रिजेक्शन मोजायला नव्हेत, ते वर सांगितलंच. पृष्ठभाग कसा सुटतो आणि ढोबळ ब्लो होल येतात का, एवढंच त्यातून बघायचं.

इथं एक खड्डा आहे, त्यात भले भले पडतात. चालू वाळूत नवी पावडर टाकून चाचणी घेतली, तर निकाल हमखास छान येतो. कारण त्या वाळूत महिनोन्‌महिने फिरत आलेली जुनी कोल डस्ट असते, एका फेरीत आपण वाळूच्या जेमतेम ०.३ टक्के नवी घालतो. म्हणजे पापुद्रा जुन्या कोळशाचा आणि श्रेय बगॅसला. तीन-चार आठवड्यांनी जुना कोळसा संपत आला की कास्टिंगला वाळू धरायला लागते आणि तोवर सगळी वाळू बिघडलेली असते. चाचणी वेगळ्या छोट्या मिक्सरमध्ये, कोऱ्या सिलिका वाळूत नवं बेंटोनाइट घालून केलेल्या बॅचवरच घ्या.

पहिला टप्पा पार पडला तर पुढचे बारा लाख एकट्यानं घालायचं कारण नाही. फायदा सगळ्यांचा होणार असेल तर खर्चही सगळ्यांचा हवा, आणि सहकार काय असतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचवीस फाउंड्रींनी पन्नास-पन्नास हजार काढले की झालं. निकाल वर्गणीदारांना आधी, बाहेर दोन वर्षांनी, असं लेखी ठरवा. शिवाजी विद्यापीठात किंवा इथल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात हा विषय प्रबंधाला घेणारा विद्यार्थी मिळाला तर भाजण्याचं तापमान आणि वेळ यांच्या जोड्या तपासण्याचं कंटाळवाणं काम तिथं होऊ शकतं. मात्र विद्यार्थ्याला पदवीची घाई असते, तुम्हाला निकालाची. पावडरीचे नमुने आणि कच्चे आकडे दोघांकडं राहतील हे आधीच ठरवून घ्या.

कर वाचतो म्हणून संशोधन करा, असं कुणी सांगेल. मान्यताप्राप्त इन-हाउस संशोधनाच्या खर्चावर एकेकाळी २०० टक्के वजावट मिळायची, एप्रिल २०१७ पासून ती १५० झाली आणि २०२०-२१ पासून १००. म्हणजे आता हा खर्च बहुतांशी इतर धंद्याच्या खर्चासारखाच. बाकी तुमच्या सीएला विचारा.

राहिले तुमचे बंधू. चांद्रयान-३ वर सुमारे ६१५ कोटी खर्च झाले. त्यातून तुमच्या भट्टीला काही मिळालं, असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यांना शेजारच्या शेडमधलं एसजी आयर्न (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) दाखवा. १९४३ साली कीथ मिलिस हा इंटरनॅशनल निकेल कंपनीतला माणूस एसजी शोधतच नव्हता. युद्धामुळं क्रोमियमची टंचाई होती. झिजेला टिकणाऱ्या लोखंडात क्रोमियमच्या जागी दुसरं काय चालेल हे तो तपासत होता, त्यात मॅग्नेशियम घालून पाहिलं. पुढं त्यातून ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसतं हे हाती लागलं, १९४९ साली पेटंट मिळालं. ब्रिटनमध्ये हेन्टन मॉरोनं सेरियम वापरून १९४८ साली तेच साधलं होतं. तो ज्या संस्थेत होता ती संस्था तिथल्या फाउंड्रीवाल्यांनी १९२१ साली मिळून काढली होती. पेटंटची मुदत केव्हाच संपली. आज फेरोसिलिकॉन मॅग्नेशियमचं पोतं लॅडलच्या (रस वाहून नेणाऱ्या भांड्याच्या) तळाशी ओतणारा शिरोलीतला कुणीही त्या संशोधनाचे पैसे देत नाही. असलं संशोधन देशानं करायचं असतं, किंवा सगळ्या धंद्यानं मिळून. भारताचा एकूण संशोधनखर्च २०२०-२१ साली जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. बंधूंना तो जास्त वाटत असेल तर असो, आम्हाला कमी वाटतो. तुमच्या बँकेच्या पैशातून मात्र तो भरून काढायचा नाही.

तेव्हा मुलीला साडेपाच लाख द्या, ७५ हजार द्या आणि बाकी प्रस्ताव तिच्याकडूनच नव्यानं लिहून घ्या. संशोधनाचं खातं वेगळं उघडा. चाचणीत वाया गेलेले साचे, थांबलेली भट्टी आणि मुलीचा पगार त्यातच टाका, नाहीतर खर्च स्वस्त दिसतो. कुठल्या आकड्याला थांबायचं हे पहिली चाचणी घेण्याआधी कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. निकाल हातात आल्यावर थांबण्याचा आकडा ठरवायला बसलात, तर तो दर वेळी थोडा थोडा पुढं सरकतो.

आणि बगॅसचा नमुना शेडमध्ये आलाच असेल, तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा. भाजण्याआधी आणि दळल्यावर असं दोनदा मॉइश्चर मोजा. शिरोलीच्या पावसाळी हवेत पावडर चार दिवसांत ओल धरते आणि मग ब्लो होल पाण्यानं आला की बगॅसनं, हे कुणालाच सांगता येणार नाही.